कोकण किनाऱ्यावरील कासव संवर्धन आणि त्यामागची माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येऊ लागतात. बहुतेकांना पिल्ले कधी सुटणार एवढेच हवे असते. अलीकडे मात्र हे काम करणाऱ्या माणसांविषयी आस्थेने विचारणारेही वाढले आहेत, आणि या पानावर मुख्यतः त्यांच्यासाठी उत्तरे दिली आहेत. किनाऱ्याकिनाऱ्यावरून येणाऱ्या घरट्यांच्या नोंदी तपासून एकत्र करण्याचे काम मी करते, त्यामुळे या माणसांचे हस्ताक्षर मला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षाही आधी ओळखीचे झाले. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कासव संवर्धनाच्या कामात पडद्यामागे नेमके कोण असते?

पिल्ले समुद्राकडे निघाल्याची छायाचित्रे आपण पाहतो, तेव्हा त्या क्षणामागे सुमारे पन्नास दिवसांचे काम उभे असते. पहाटेची गस्त घालणारा गावातला कासवमित्र, त्याच्या नोंदीवर सही करणारा वनरक्षक, पंचनाम्याला धावणारा वनपाल, जाळ्यात आलेले कासव जाळे कापून सोडणारा तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि त्याचे खलाशी, जखमी कासवाला सुई टोचणारे पशुवैद्यक, घरट्यातले तापमान मोजणारे संशोधक, आणि पर्यटकांसाठी पहाटे पाचला चूल पेटवणाऱ्या गावातल्या बायका असे सगळे त्यात येतात. यांतल्या बहुतेकांच्या नावाची पाटी कुठेही लागत नाही.

२. कोकणात कोणती कासवे अंडी घालायला येतात, आणि कधी?

मुख्यतः ऑलिव्ह रिडले. भारताच्या सागरी हद्दीत समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी ग्रीन आणि हॉक्सबिल ही कासवेही आपल्याकडे अधूनमधून जाळ्यात किंवा किनाऱ्यावर सापडतात, परंतु आपल्या किनाऱ्यांवर नित्यनेमाने घरटी करते ती ऑलिव्ह रिडलेच. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ साधारण ६० ते ७० सेंटीमीटर लांब असते आणि वजन ३५ ते ४५ किलोच्या आसपास भरते. हंगाम सर्वसाधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा चालतो आणि शेवटची पिल्ले मे महिन्यापर्यंत निघत राहतात. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी असतात. हरिहरेश्वर, दिवेआगर, वेळास, केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर, गणेशगुळे, तांबळडेग, वायंगणी अशी बरीच गावे या नकाशावर आहेत. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे प्रसिद्ध आहेत.

३. हे काम कोणी आणि कधी सुरू केले?

संघटित स्वरूपात पाहायचे तर २००२ साली, मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी तेव्हा समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी किनारा फिरत होते. त्या फिरण्यात त्यांना अंडी काढून नेलेले कासवाचे घरटे दिसले आणि कामाची दिशाच बदलली. अंडी खाण्याची आणि विकण्याची सवय तेव्हा अनेक गावांत होती. संस्थेने गावकऱ्यांना गुन्हेगार ठरवले नाही, त्यांनाच राखणदार केले, आणि माझ्या मते पुढचे सगळे त्या एका निर्णयामुळे घडले. नाना फडणविसांचे गाव म्हणून ओळखले जाणारे वेळास काही वर्षांत कासवांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष (खारफुटीची वने आणि किनाऱ्यावरचे जीव सांभाळणारी शाखा) स्थापन केला. आज किनाऱ्यावरचे बरेचसे काम वन विभाग, कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि गावे मिळून चालवतात.

४. कासवमित्र ही सरकारी नोकरी आहे का?

नाही. कासवमित्र हा त्याच गावातला रहिवासी असतो आणि त्याला हंगामापुरते मानधन मिळते. त्यामुळे त्याला पेन्शन नसते, पदोन्नती नसते आणि हंगाम संपला की ते उत्पन्नही थांबते. उरलेल्या महिन्यांत कोणी आंबा-काजूच्या बागेत काम करतो, कोणी मासेमारीला जातो, कोणी रिक्षा चालवतो. मानधन वेळेवर मिळावे ही त्यांची जुनी आणि रास्त मागणी आहे, आणि वर्षानुवर्षे याच कागदांशी काम केल्यामुळे ती मीही मनापासून करते. अनुभवी कासवमित्र हे काम सोडून मुंबईला गेला तर त्याच्याबरोबर त्या किनाऱ्याची वीस वर्षांची समज निघून जाते आणि ती कोणत्याही प्रशिक्षणवर्गात परत मिळत नाही.

५. कासवमित्राचा हंगामातला दिवस कसा असतो?

दिवस पहाटे चार-साडेचारला सुरू होतो, कारण मादी बहुधा रात्री येऊन जाते आणि तिच्या खुणा भरतीने, कुत्र्यांनी किंवा फिरायला येणाऱ्यांच्या पावलांनी मोडण्याआधी गाठाव्या लागतात. हातात विजेरी आणि काठी, खांद्याला पिशवी, आणि पुढे दोन-तीन किलोमीटरची वाळू. कासवमित्र आधी भरतीच्या रेषेलगत चालत मादीची वाट शोधतो. ऑलिव्ह रिडले पाय आळीपाळीने टाकते, म्हणून तिची वाट डाव्या-उजव्या बाजूंना स्वल्पविराम काढत गेल्यासारखी दिसते. ग्रीन कासवाची वाट दोन्ही बाजूंना सारखी उमटते. येण्याची एक आणि परतण्याची एक अशा दोन वाटा जिथे जुळतात, तिथे वाळू विस्कटलेली असते. मादीने घरटे लपवण्यासाठी मुद्दाम बरीच वाळू उडवलेली असल्यामुळे नेमकी जागा मात्र उघड दिसत नाही.

एकदा मी आंजर्ल्याच्या बाजूला एका ज्येष्ठ कासवमित्राबरोबर गस्तीला गेले होते. त्यांनी काठीचे टोक जागोजागी हलकेच दाबून पाहिले. सगळीकडे वाळू घट्ट लागत होती आणि एका ठिकाणी काठी अगदी थोडी, पण अलगद आत गेली. त्यांनी लगेच काठी बाजूला ठेवली, कारण आणखी दाबली असती तर अंडे फुटले असते. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी ओंजळीने वाळू काढली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना पहिले अंडे लागले : पांढरे, ओलसर, टेबल टेनिसच्या चेंडूएवढे, पण दाबले तर किंचित दबणारे. त्यांनी एकेक अंडे काढताना त्याची वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतली, मोजणी मनातल्या मनात चालू ठेवली, आणि पिशवीत खालीवर त्याच घरट्यातली ओली वाळू घातली. त्या वेळात ते एक शब्दही बोलले नाहीत. मोजणी चुकली तर पुन्हा मोजण्यासाठी अंडी हलवता येत नाहीत, हे त्यांनी नंतर चहा पिताना सांगितले.

कधीकधी मादी किनाऱ्यावर येते, जागा पसंत पडत नाही किंवा दिव्यामुळे बिचकते आणि अंडी न घालताच परत जाते. अशी फेरीही वहीत नोंदवावी लागते. गस्तीनंतर हॅचरीची (हलवलेली अंडी पुरून राखायच्या कुंपणाच्या जागेची) पाहणी, पर्यटक असतील तर माहिती देणे आणि संध्याकाळी पुन्हा पाहणी हे सगळे असतेच.

६. अंडी जागची हलवायचीच कशाला? ही निसर्गात ढवळाढवळ नाही का?

प्रश्न योग्य आहे, आणि तज्ज्ञांमध्येही यावर गांभीर्याने चर्चा होते. घरटे जागेवरच सुरक्षित राहणार असेल तर ते तिथेच राखणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु कोकणातले किनारे अरुंद आहेत, पाठीमागे वस्ती आहे, आणि कोल्हे, भटकी कुत्री, रानडुकरे घरटे हुंगून काढतात. घरटे भरतीच्या रेषेखाली असेल तर अंडी पाण्याने कुजतात. अशा वेळी ती कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात.

हलवण्याचे नियम कडक आहेत. अंडी घातल्यानंतर काही तासांतच भ्रूण कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू लागतो, आणि त्यानंतर अंडे उलटले किंवा गदगदा हलले तर तो मरतो. म्हणून सूर्य वर येण्याआधी काम उरकण्याची घाई असते. नवा खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा, म्हणजे साधारण हातभर, आणि मडक्याच्या आकाराचा असावा लागतो, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या खाली नर अधिक होतात, वर मादी अधिक होतात. हॅचरीची जागा, तिच्यावरची सावली आणि वाळूचा ओलावा चुकला तर नकळत सगळी पिल्ले एकाच लिंगाची निघू शकतात, म्हणूनच घरट्यांजवळ तापमान मोजण्याची उपकरणे ठेवतात.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकत्र अंडी घालतात. तिथे अशी घरटी हलवणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. कोकणातली तुरळक घरटी हा वेगळा प्रकार आहे, आणि दोन्हींची तुलना करताना हा फरक विसरू नये.

७. घरट्यावर टोपली उपडी का घालतात, आणि पिल्ले सरळ पाण्यात का सोडत नाहीत?

पिल्ले बाहेर पडण्याचा दिवस जवळ आला की घरट्यावर वेताची टोपली उपडी ठेवतात. रात्री-अपरात्री वर आलेली पिल्ले त्यामुळे भरकटत नाहीत, कावळ्यांच्या आणि खेकड्यांच्या तावडीत सापडत नाहीत, आणि मोजताही येतात. टोपली सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात, आणि ऊन चढलेले असेल तर पिल्ले सोडत नाहीत.

पिल्लांना वाळूवरून काही मीटर स्वतः चालू देतात. या चालण्याचा आणि मादीने मोठेपणी त्याच भागात परतण्याचा काही संबंध असावा असे मानले जाते. तो किती हे सोडले, तरी चालताना पिल्लाची हालचाल सुरळीत आहे की नाही हे राखणदाराला दिसते, एवढा उपयोग नक्की आहे. लाटेने परत फेकलेले पिल्लू पाहून लोकांचा जीव कळवळतो आणि ते उचलायला धावतात. कृपया तसे करू नका, तिथे उभा असलेला माणूस त्यासाठीच उभा आहे.

८. कासव महोत्सवाला आलो तर पिल्ले दिसतीलच ना?

खात्री कोणीही देऊ शकत नाही. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, थंडी रेंगाळली तर आणखी काही दिवस जातात. त्यामुळे अंदाज सांगता येतो, तारीख सांगता येत नाही. पिल्ले न दिसल्याबद्दल कासवमित्राशी हुज्जत घालणारे पर्यटक दरवर्षी भेटतात आणि त्या दिवसाची वही वाचताना मला वाईट वाटते.

पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या या महोत्सवामागे असलेल्या गावातल्या बायकांचा उल्लेख इथे करायलाच हवा. वेळाससारख्या गावात पाहुण्यांची सोय घरोघरी होते. पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्यांना आधी चहा, परतल्यावर पोहे किंवा घावन, दुपारी सोलकढी आणि भात, रात्री उकडीचे मोदक, हे सगळे करणाऱ्या बाईला स्वतः टोपली उचलताना पाहायला मिळेलच असे नाही. पण कासवामुळे घरात चार पैसे येतात हे गावाला कळले, म्हणून अंडी सुरक्षित राहिली. गाव राखणदार का राहिले याचे निम्मे उत्तर या स्वयंपाकघरांत आहे.

९. मोबाईलच्या उजेडाने किंवा फ्लॅशने खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, कारण रात्री मोकळ्या समुद्रावरचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. किनाऱ्यामागचा हॉटेलचा किंवा रस्त्याचा दिवा त्यांना उलट्या दिशेला ओढतो. अंडी घालायला आलेली मादी तर उजेड आणि हालचाल पाहून परतच जाते. किनाऱ्यालगत ज्यांचे घर किंवा रिसॉर्ट आहे त्यांनी हंगामात समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावेत, ते शक्य नसेल तर झाकून खाली वळवावेत. त्यासाठी खर्च जवळजवळ येत नाही.

१०. जाळ्यात कासव आले तर मच्छीमाराने काय करायचे? जाळे कापले तर नुकसान कोण भरून देणार?

कासव जिवंत सोडायचे. दमलेले कासव लगेच पाण्यात टाकले तर बुडू शकते. म्हणून त्याला बोटीवर सावलीत, मागची बाजू थोडी उंच ठेवून, अंगावर ओले कापड टाकून विसावू द्यावे, आणि हालचाल परतल्यावर इंजिन थांबवून अलगद सोडावे.

नुकसानभरपाईची सोय आहे. राज्य शासनाच्या वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या योजनेनुसार, कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी मासा अर्थात व्हेल शार्क अशा संरक्षित सागरी जीवांना वाचवण्यासाठी जाळे कापावे लागले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी जाळे कापून प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत आणि अर्ज लागतो. व्यवहारात अडचण इथेच येते. हेलकावणाऱ्या होडीवर, एक हात दोरीला आणि एक सुरीला असताना, चित्रीकरण कोणी करायचे? म्हणून अनुभवी तांडेल आता एका खलाशाला आधीच हे काम नेमून देतात. जाळ्याची किंमत भरपाईपेक्षा जास्त असू शकते हे ठाऊक असूनही जे जाळे कापतात, त्यांना मी या क्षेत्रातले सर्वांत मोठे दाते मानते.

११. किनाऱ्यावर जिवंत पण अशक्त किंवा जखमी कासव दिसले. ते समुद्रात ढकलू का?

नाही. ही चूक सर्वाधिक होते आणि ती चांगल्या मनाने होते. धडधाकट कासव दिवसाढवळ्या किनाऱ्यावर पडून राहत नाही. ते आले आहे याचा अर्थ त्याला पोहता येत नाही, आणि परत ढकलले तर ते बुडेल. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा, गर्दी आणि कुत्रे दूर ठेवा, सावली करा, आणि पाठीवर ओले कापड टाका, नाकपुड्या मात्र मोकळ्या राहू द्या. पाणी पाजू नका, खायला घालू नका, अंगात अडकलेला गळ ओढून काढू नका. पावसाळ्यात अशा घटना वाढतात, कारण खवळलेल्या समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकलेली कासवे लाटांबरोबर बाहेर फेकली जातात.

अंडी घालायला आलेली निरोगी मादी हा अपवाद. ती काम उरकून आपणहून परत जाते, तिच्यापासून लांब, मागच्या बाजूला, अंधारात थांबा.

१२. अशा कासवांवर कुठे आणि काय उपचार होतात?

डहाणूला वन विभाग आणि स्थानिक संस्थेच्या सहकार्याने चालणारे उपचार केंद्र सर्वांत परिचित आहे. जखमी कासवांमध्ये जाळ्याच्या दोऱ्याने फ्लिपर (वल्ह्यासारखा चपटा पाय) कापले गेलेले रुग्ण पुष्कळ असतात. कधीकधी अवयव काढावाच लागतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे तरंगत राहणारे कासव. फुप्फुसातल्या किंवा आतड्यातल्या बिघाडामुळे ते एका बाजूला कलते आणि त्याला बुडी मारता येत नाही, म्हणजे खाणेही मिळत नाही. उपचार आठवडे नव्हे, महिने चालतात. टाकीतले पाणी बदलणे, मासे चिरून भरवणे, वजन लिहिणे ही कामे करणाऱ्या मदतनिसाचा हात पशुवैद्यकाच्या हाताइतकाच महत्त्वाचा असतो.

१३. मेलेले कासव दिसले तर कळवण्यात काही अर्थ आहे का?

पुष्कळ अर्थ आहे. पाठीची लांबी टेपने मोजतात, लिंग पाहतात (पूर्ण वाढलेल्या नराची शेपटी कवचाबाहेर लांब आलेली असते), जखमांच्या खुणा लिहितात, शक्य असल्यास शवविच्छेदन होते आणि मग ते पुरतात. एकाच आठवड्यात एकाच पट्ट्यात मृत कासवे वाढली तर समुद्रात काय चालले आहे याचा माग लागतो. हे काम दुर्गंधीत, भर उन्हात, बहुधा एकटा वनरक्षक करतो. त्याच्याकडे जंगल, वणवे, बिबट्याचे फोन आणि सापही असतातच.

१४. डॉल्फिन किंवा देवमासा किनाऱ्याला लागला तरी हीच माणसे येतात का?

बहुतांशी हीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू आले तेव्हा वन विभागाचे कर्मचारी, पशुवैद्यक, ग्रामस्थ, जेसीबीचालक आणि बोटवाले सलग राबत होते. त्याला ओल्या कापडांत ठेवले, पाणी मारत राहिले, आणि भरतीच्या वेळी खोल पाण्याकडे नेले. ते पिल्लू पुढे पुन्हा किनाऱ्याला लागले आणि वाचले नाही. आईपासून तुटलेले पिल्लू वाचण्याची शक्यता मुळातच फार कमी असते. तरीही त्या प्रयत्नांतून पट्टा कुठे बांधावा, शेपटीला धरून का ओढू नये, श्वासाचे छिद्र मोकळे कसे ठेवावे, हे शंभरेक माणसांनी हाताने शिकून घेतले.

१५. कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवल्याने काय कळले?

२०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकणातल्या पाच माद्यांना ट्रान्समीटर बसवले. वेळासच्या मादीचे नाव प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीचे सावनी, आणि गुहागरच्या तिघींची वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी नावे ठेवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा यांची भर पडली. यंत्र पाठीला चिकटवतात आणि कासव श्वासासाठी वर आले की संदेश जातो. यंत्रे काही महिन्यांत बंद पडतात, पण बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेल्याचे त्यांतूनच दिसले. पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांची कासवे पूर्णपणे वेगळी नाहीत, या शंकेला त्यामुळे बळ मिळाले. मादीला रात्रभर न दुखवता थोपवून धरणे, डिंक वाळेपर्यंत कवच कोरडे ठेवणे ही कामे कासवमित्रांच्या मदतीशिवाय झाली नसती.

१६. इतक्या नोंदी ठेवून काय साधते?

याचे उत्तर मी एका आकड्याने देईन : ०३२३३. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या फ्लिपरला या क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही ठिकाणांतले सागरी अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर मानले गेले. एवढा मोठा दुवा जुळला तो ओडिशात कोणीतरी पट्टी लावून वहीत नीट लिहिले म्हणून, आणि इथे कोणीतरी ओल्या वाळूत वाकून तो बारीक आकडा वाचला म्हणून.

एका हंगामात एका किनाऱ्याची अख्खी वही खाऱ्या पाण्याने भिजली आणि शाईने लिहिलेली दोन महिन्यांची मोजणी पुसली गेली. ती घरटी राखलेली होती, पिल्लेही गेली, पण आमच्या तक्त्यात त्या रकान्यांत आजही रेघ आहे. तेव्हापासून आम्ही पेन्सिलचाच आग्रह धरतो. कोणी विचारले की पेन्सिल का, तर त्याला ते पान दाखवतो.

१७. मला या क्षेत्रात काम करायचे आहे. प्राणिशास्त्राची पदवी लागतेच का?

संशोधनासाठी लागते : प्राणिशास्त्र, सागरी विज्ञान किंवा वन्यजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि संख्याशास्त्राची भीती नसणे. उपचारांसाठी पशुवैद्यकाची पदवी अनिवार्य आहे. वनरक्षक पदासाठी बारावी उत्तीर्ण उमेदवार स्पर्धा परीक्षा आणि शारीरिक चाचणी देऊ शकतात. याशिवाय हिशेब, नकाशे, भाषांतर, संगणकीय तक्ते, शाळांमधून बोलणे अशी कितीतरी कामे आहेत. मी स्वतः वाणिज्य शाखेची आहे.

फक्त आठ दिवस मोकळे असतील तर पिल्ले सोडण्याचा आग्रह धरू नका. स्थानिक वन कार्यालयाशी आधी बोला आणि किनारा स्वच्छ करणे, माहितीफलक लिहिणे, गर्दी आवरणे यांसाठी वेळ द्या. अडकलेली जुनी जाळी वाळूतून उपसून काढणे हे अत्यंत कष्टाचे आणि अत्यंत उपयोगी काम आहे, आणि त्याला माणसे नेहमीच कमी पडतात.

१८. घरटे भरतीत जाणार हे दिसते आहे आणि वन विभागाचे कोणी पोहोचलेले नाही. मीच अंडी हलवली तर?

हलवू नका. ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे हेही कायद्याच्या दृष्टीने शिकारीच्या व्याख्येत येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. तुमचा हेतू चांगला असला तरी प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे चुकीच्या वेळी हललेले अंडे मरते. फोन करा, जागेभोवती काठ्या रोवा, भरतीची रेषा कुठवर आली ते लिहून ठेवा आणि थांबा. कासवमित्राला प्रशिक्षण आणि अधिकृत परवानगी असते, म्हणून तेच काम त्याने केले तर चालते.

१९. विहिरीत किंवा घरी पाळलेले कासव महोत्सवात समुद्रात सोडले तर पुण्य लागेल ना?

ते कासव मरेल. ज्याच्या पायाला नखे आणि बोटे दिसतात ते गोड्या पाण्यातले किंवा जमिनीवरचे कासव असते, त्याला खारे पाणी सोसत नाही. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. भारतीय जातींची बहुतेक कासवे घरात पाळणे बेकायदेशीर आहे. बाजारात मिळणारे लाल कानाचे परदेशी कासव नदी-तळ्यात सोडले तर तिथल्या मूळ जातींना त्रास होतो. दोन्ही बाबतींत वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा, कासव स्वतः कुठेही सोडू नका.

२०. साठ दिवस उलटले तरी घरट्यातून काहीच आले नाही. तेव्हा काय करतात?

उकरून पाहतात. हे काम छायाचित्रात कधी येत नाही आणि कोणी ते पाहायला थांबतही नाही. अपेक्षित मुदत उलटल्यावर, किंवा पिल्ले निघून काही दिवस झाल्यावर, कासवमित्र घरटे हाताने मोकळे करतो आणि वाळूवर चार ढीग लावतो : रिकामी कवचे, मुळीच वाढ न झालेली अंडी, अर्धवट वाढून मेलेली, आणि बाहेर येता येता अडकून मेलेली पिल्ले. अंडी सडल्याचा वास दिवसभर हातांना राहतो. चारही आकड्यांची बेरीज मूळ मोजणीशी जुळली पाहिजे, जुळली नाही तर वहीत तसे लिहायचे, ओढूनताणून जुळवायचे नाही. वाढ न झालेली अंडी जास्त असतील तर मूळ घरटे किंवा हाताळणी तपासतात. अर्धवट मेलेली जास्त असतील तर तापमान किंवा पाणी शिरले असेल का ते पाहतात.

आणि कधीकधी तळाशी, घट्ट बसलेल्या वाळूखाली, एखादे पिल्लू जिवंत सापडते. त्याला लगेच समुद्रात नेत नाहीत. ओल्या वाळूच्या भांड्यात, अंधारात, संध्याकाळपर्यंत ठेवतात. त्या दिवशीच्या पानावर पाचवा रकाना आखलेला नसतो, म्हणून कासवमित्र समासात पेन्सिलीने लिहितो : जिवंत १, सायंकाळी सोडले.